चुलीपुढची कोरडी जागा

अरे, तू फक्त ऐक! कुंदन प्रकाशा गावातलं घर गिऱ्हाइकाला दाखवायला धूत होता. आई नाशकात, मोठ्या भावाकडे. घर विकतोय हे तिला कळूच दिलं नव्हतं त्यानं.

डिसेंबरची थंडी, सगळी फरशी ओलीगच्च. चुलीपुढं मात्र पाटाएवढी जागा कोरडी. तीनदा पाणी ओतलं, तरी कोरडीच!

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको. बाई त्या जागेपाशी थबकली, पदर सावरून म्हणाली, "मावशी, उठू नका. जेवून घ्या, आम्ही थांबतो."

तिथं कुणी नव्हतंच रे!

कुंदननं नाशकाला फोन लावला. आईनंच उचलला, जेवता जेवता. "जेवी ऱ्हायनू रे भाऊ. पन मन्हा समोर हाई कोन बाई उभी शे?"

सांग, तू काय सांगितलं असतंस?