नुसतं 'सोमनाथ'

गंगापूर रोडवर भाड्याचा फ्लॅट बघायला गेले, तर घरमालकांच्या दारावर नुसतं 'सोमनाथ' लिहिलेलं. फ्लॅट दाखवून झाल्यावर सोमनाथकाकांनी चहा दिला आणि कोकणातल्या वेळशेतबद्दल सांगत बसले. पन्नास वर्षांपूर्वी शहराला विटलेली दहा-बारा माणसं तिथल्या कोळ्यांमध्ये जाऊन राहिली. सगळ्यांनी मिळून आडनावं टाकली, ती टाकलीच. अजून तिथं शाळेच्या हजेरीतसुद्धा नुसती नावं असतात म्हणे. काका दर डिसेंबरात आठवडाभर तिथं राहतात आणि वर्षभर पुरेल एवढी माणुसकी घेऊन येतात.

"मी संजना," मी म्हटलं.

"बास. आम्ही आडनाव विचारत नाही," काका म्हणाले. "आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी दे."

मी दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि नीट घडी घालून परत केली.

"अगं, सांगायचं राहिलंच. या फ्लॅटचा शब्द कालच एकांना दिलाय."

मी चपला घालत होते, तेव्हा ते दारापर्यंत सोडायला आले.

"तू वेळशेतला मात्र एकदा जाच," ते म्हणाले. "तिथं तुला लगेच खोली मिळेल."