थोरल्याचं नाव

"काकांना एकतर इथे हजर करा, नाहीतर ते गेले हे सिद्ध करा," कारकून म्हणाला. "मधलं काही चालत नाही, ताई."

ठमीने कपाळाला हात लावला. साठी ओलांडलेल्या बाईला ठमी म्हणू नये हे खरं, पण बाबांनी लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

लिंबाची बाग दोघा भावांच्या नावावर होती. धाकटे म्हणजे बाबा. थोरले म्हणजे काका. ते आजोबांशी भांडून घराबाहेर पडले, आणि त्यानंतर कुठे आजोबांनी ही बाग घेतली. काकांनी बागेत कधी पाऊलही टाकलं नाही. तरी म्हाताऱ्याचं मन बघा, जाण्यापूर्वी नावं लावली ती दोघांची. आता बाबा नव्वदीला टेकले होते. त्यांच्यामागे अर्धी बाग त्या न पाहिलेल्या काकांपायी अडकणार, आणि ठमीला तर याच झाडांखाली म्हातारं व्हायचं होतं.

"असू दे गं त्याचं नाव," बाबा म्हणायचे. "जागा थोडीच खातंय?"

"अर्धी बाग खातंय, बाबा!"

बाबा हसायचे आणि विषय बदलायचे. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

जुन्या नोंदींमध्ये काकांचा त्या वेळचा पत्ता निघाला. डोंगरातली एक लाकूड कापायची गिरणी. ठमीने पिशवी भरली आणि सरळ बस गाठली.

खिडकीशी बसल्यावर तिला तिची सर्वांत जुनी आठवण आठवली. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. बाबा कुठेसे गेलेले, आणि ती सांभाळणाऱ्या मावशीकडे. एक दिवस बागेच्या वाटेने एक माणूस आला. गाल खोल गेलेले, दाढी वाढलेली. "अगंबाई, तापाने पार रया गेली की हो तुमची! ओळखूसुद्धा येत नाही!" असं मावशी म्हणाल्याचं पुढे कितीदा तरी सांगून झालं. ठमी मात्र धावत गेली होती आणि "बाबा आले!" म्हणत तिने त्याच्या पायांना मिठी मारली होती.

"मावशीला नाही कळलं, मी ओळखलं तुम्हाला!" ही फुशारकी तिने जन्मभर मारली. त्यावर बाबांचं उत्तरही ठरलेलं. "हो बाई. तू ओळखलंस म्हणून तर राहिलो."

मग त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. वेणी घालायला शिकले. पहिली वेणी इतकी वाकडी झाली की शाळेत पोरी आठवडाभर हसत होत्या. ठमीने ती दिवसभर सोडली नाही.

गिरणी अजून चालू होती. तिथल्या हजेरीत काकांचं नाव एका हिवाळ्यापर्यंत होतं, पुढे नव्हतं. तेव्हा कामगारांना जेवण पुरवणारी एक खाणावळ होती. मालकीण कधीच गेली, पण तिची लेक होती, आता तीही म्हातारी. तिने ठमीला दारातच न्याहाळलं.

"नाक तेच," ती म्हणाली. "ये, बस. त्या हिवाळ्यात तापाची साथ आली होती. तुझे काका आजारी पडले, म्हणून धाकटा त्यांना घरी न्यायला आला. रात्रंदिवस उशाशी. मग त्यालाही तापाने गाठलं. मी दारात पेज ठेवून पळायचे, आत जायची बंदी होती. आतून ऐकू यायचं, एकजण सारखा म्हणायचा, घरी माझी लेक वाट बघतेय."

ठमीचे डोळे भरून आले.

"शेवटी एकाला टेकडीवर नेलं. दुसरा बरा झाला आणि निघून गेला."

गेलं कोण, हे ठमीने विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? बाबा घरी खाटेवर बसून लिंबाचं सरबत पीत होते.

टेकडीवर म्हातारीने तिला जागा दाखवली. नुसता एक दगड. नाव ना गाव. ठमीने त्याच्यावरचं गवत उपटलं. न पाहिलेल्या माणसासाठी इतकं रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने बाबांना धारेवर धरलं. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं! काका तुमच्यादेखत गेले, आणि इतक्या वर्षांत एक शब्द नाही?"

बाबांनी विचारलं ते एवढंच, "दगड आहे अजून?"

"आहे. सख्ख्या भावाचा जबाब चालतो म्हणे. कारकून उद्या घरीच येतील."

दुसऱ्या दिवशी कारकून आला, चहा प्यायला, आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्याने पेन उघडलं.

"सोपं आहे, आजोबा. मी लिहितो, तुम्ही हो म्हणा. माझा थोरला भाऊ..."

"थांबा," बाबा म्हणाले. ते ठमीकडे वळले. "त्या दगडाचं काय करणार आहेस?"

"नाव कोरून घेणार. गडी ठरवून आले मी. इतकी वर्षं बिचारे बेवारशासारखे पडलेत."

"कुणाचं नाव?"

"काकांचं! आणखी कुणाचं? काय बाबा तुम्ही पण!"

बाबांनी उपरण्याने डोळे पुसले. ठमीला वाटलं, भावाची आठवण आली. ती उठून त्यांच्याशेजारी बसली.

"ठमे, हात दे."

तिने दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि कारकुनाकडे बघत ते सावकाश म्हणाले,

"लिहा. धाकटा भाऊ त्या तापात माझ्या मांडीवर गेला. मागे दोन वर्षांची लेक होती त्याची. जबाब देणार, थोरला."