आडव्या माणसाची खिडकी

"ताई, खिडकी इतकी खाली नको. उभ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल," सुतार म्हणाला.

"आडव्या माणसाला दिसली म्हणजे झालं." आणि माप दाखवायला ती माळ्यावरच्या भुशातच सरळ आडवी झाली.

उतरत्या छपराला चौकोन कापला होता. काच बसायची होती. त्या चौकोनात दुपारचं आभाळ होतं, नुसतं आभाळ. एक ढग सावकाश आत आला, जरा रेंगाळला, निघून गेला. मागोमाग दुसरा.

खाली आईच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून चार वर्षं आई तीच भिंत बघत होती. म्हणून हा खटाटोप. माळ्यावरची अडगळ निघाली, फळ्या बसल्या, शिडीच्या जागी दारासकट धड जिना आला.

तिसरा ढग कापसासारखा पिंजत गेला. चौथा आला की नाही, तिला कळलंच नाही. जमीन अंगाखालून हलकेच सरकली आणि तीही ढगांबरोबर कुठेतरी निघाली.

सुताराने हातोडी अलगद खाली ठेवली. पाय न वाजवता तो जिना उतरला.

"ठोकाठोकी का थांबली?" आईने पलंगावरून विचारलं.

"ताईंचा डोळा लागलाय."

आईने वर छताकडे बघितलं. कूस बदलायची झाली तरी तिला लेकीला उठवावं लागे. रात्रीतून चारदा, पाचदा.

"मग आज राहू दे काम," ती म्हणाली. दोन तास तिने पाणीसुद्धा मागितलं नाही.

काच बसली त्या रविवारी भाऊ आला. महिन्यातून एकदा यायचा, फळं आणि उपदेश घेऊन. नवा जिना बघताच भडकला. "आईला खाली टाकून स्वतःसाठी महाल बांधलास होय?"

"महाल तिच्यासाठीच आहे, दादा. तू आणि सुतारकाका मिळून तिला खुर्चीसकट वर न्या."

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने बाह्या सरसावल्या. आईला खुर्चीत बसवलं. दोघांनी खुर्ची उचलली, तसा आईने आपला चालता हात वर केला.

"मला उद्या न्या," ती मुलाला म्हणाली. "आज हिला वर पोचव, जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घाल आणि माझ्यापाशी येऊन बस. आज मी हाक मारली, की तू उठायचंस."