हॅलोरनची घंटा

“पिशवी उघडा, मिसेस नोवोत्नी,” दुकानाचा रखवालदार रॉस म्हणाला. बोलताना बघत मात्र होता आपल्या बुटांकडे.

मागच्या दाराशी, कचऱ्याच्या पिंपांना लागून टेबल मांडलं होतं. आजवर रोज संध्याकाळी याच टेबलावर बायकांच्या पिशव्या तपासल्या जात. कंपनीचा नियमच तसा होता, आणि झेल्मा नोवोत्नीने तो कधी मोडला नव्हता. पण दुकानाचं दिवाळं निघालं होतं, आज नोकरीचा शेवटचा दिवस. तिच्यामागे सतरा बायका कोट घालून उभ्या होत्या. उद्यापासून उरलेला माल विकायला भाड्याची माणसं येणार होती.

“नाही उघडत,” झेल्मा म्हणाली. “इथे तर नाहीच.”

सकाळपासून तिचं डोकं तापलेलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. दुकानाच्या मधोमध चाकांच्या गाड्यावर पितळी घंटा होती. दुकानाचा मूळ मालक म्हातारा हॅलोरन पहिल्यांदा याच गावात पोलादाच्या कारखान्याबाहेर मोजे विकायला उभा राहिला, तेव्हाची. कामगारांची पाळी सुटली की तो घंटा वाजवायचा आणि उरलेला माल निम्म्या किमतीत काढायचा. पुढे ओहायोत आणि आजूबाजूला त्याची मोठमोठी दुकानं झाली, प्रत्येक दुकानात अशी एक घंटा आली. घंटा वाजली की दहा मिनिटं गाड्याभोवतीचा माल स्वस्त. काय स्वस्त आहे ते कुणी विचारत बसत नसे. आधी पळायचं, मग बघायचं. चर्चमध्ये गुडघे दुखणाऱ्या बायका इथे हरणासारख्या पळत. आणि या दुकानातली घंटा वाजवायची झेल्मा. नवरा गेला त्या वर्षापासून.

म्हातारा मेला. पोरांनी दुकानं पैसेवाल्यांना विकली. पैसेवाल्यांनी दुकानांखालची जमीन वेगळी काढून विकली आणि दुकानांना स्वतःच्याच जागेचं भाडं भरायला लावलं. मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून गळा काढला. मेल्यांनी गाय कापून खाल्ली आणि वर दूध देत नाही म्हणून बोंबलले.

आता दिवाळखोरीचा माल काढायला प्रेस्कॉट नावाचा एक गुळगुळीत माणूस आला होता. सकाळी झेल्माने त्याच्याकडे घंटा मागितली. फुकट नव्हे, दाम देऊन. प्रेस्कॉट हसला. घंटा शिकागोच्या कुणा शौकीन माणसाने घेतली होती, तो आपल्या दारूच्या खोलीत टांगणार होता.

“आजीबाई, ही काही तुमची आठवण नाही, माल आहे,” प्रेस्कॉट म्हणाला. आणि तिच्या हातात फडकं देऊन त्याने सांगितलं, संध्याकाळी माणूस न्यायला येईल, जरा आतूनबाहेरून चकचकीत करून ठेवा.

झेल्माने ती पुसली. गाड्याखाली बसून आतूनसुद्धा पुसली. एक शब्द बोलली नाही. तिथेच बुटांच्या विभागातली लुएला घाबरली. झेल्मा गप्प बसली म्हणजे काहीतरी बिघडलं, हे तिला ठाऊक होतं.

आणि आता हे टेबल.

“तपासायचं असेल तर पुढच्या दारी तपास,” झेल्मा रॉसला म्हणाली. “सगळ्या गावासमोर. आमच्यातला चोर कोण ते त्यांनाही कळू दे.”

पिशवी खांद्यावर घेऊन ती वळली. खांदा एका बाजूला कलला होता, पण मान ताठ. बायका तिच्यामागून निघाल्या, त्यांच्यामागून रॉस. दुकान गच्च भरलेलं होतं. गेली किती वर्षं हमरस्त्यावरच्या नव्या दुकानात पळणारं सगळं गाव आज इथे लोटलं होतं. कुणी फळ्यांचे स्क्रू काढत होतं, कुणी कपडे मांडायच्या बाईच्या पुतळ्याचा हात काखेत मारून चाललं होतं. हात नेणारी ती लुएलाचीच शेजारीण होती; लुएलाने तिला विचारलं, बाकीची बाई कुठे गेली गं? ती शेजारीण ओशाळली. हात मात्र तिने सोडला नाही.

पुढच्या दाराशी झेल्माने पिशवी पैसे घेण्याच्या काउंटरवर आपटली. ट्रॉल्या थांबल्या. लोक बघू लागले. प्रेस्कॉट धावत आला.

“तपास, रॉस,” ती म्हणाली. “लहानपणी आईचं बोट सोडून माझ्या घंटेमागे पळायचास. हरवलास की मीच तुला हुडकून आणायची. आता तू माझी झडती घे.”

रॉसचे कान लाल झाले. त्याने पिशवीवर हात ठेवला. हात तिथेच थांबला. त्याने झेल्माकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “डबा आहे. जा तुम्ही.”

बाकीच्या पिशव्यांना त्याने हातही लावला नाही. प्रेस्कॉट दात खात म्हणाला, जाऊ दे, जाऊ दे, धंद्याचा खोळंबा होतोय. अठरा बायका गिऱ्हाइकांच्या दारातून बर्फात बाहेर पडल्या.

झेल्मा गाडीत बसली. लुएला शेजारी बसली. पण झेल्माने गाडी सुरू केली नाही. काचेच्या दर्शनी भिंतीतून आतलं सगळं दिसत होतं. लोक ट्रॉल्या सोडून दाराशी कुजबुजत उभे होते. त्यांना पुन्हा मालाकडे वळवायला प्रेस्कॉट घंटेपाशी गेला. तो दोरी धरतोय हे बघून सगळ्यांच्या माना सवयीने वर झाल्या, पाय पळायच्या तयारीत आले.

त्याने दोरी ओढली. घंटा हलली. कुणीच पळालं नाही.

त्याने पुन्हा ओढली. मग वाकून, मान वाकडी करून घंटेच्या आत पाहिलं.

“आपण थांबलोय कशाला?” लुएलाने विचारलं.

झेल्माने पिशवीतून पितळ पुसायचं फडकं काढलं आणि मांडीवर उलगडलं. आत घंटेचा लोखंडी लोलक होता.

“चल,” ती म्हणाली. “आता टांग म्हणावं दारूच्या खोलीत.”