शेवटचा फोटो

रंगाच्या बंद कारखान्याची विषारी माती काढून तिथे स्वच्छ माती भरायला सरकारने निधी दिला होता. अट एकच होती: दर सोमवारी महापालिकेच्या अभियंत्याने भरलेल्या मातीवर उभं राहून फोटो पाठवायचा, आणि त्यात चेहरा दिसलाच पाहिजे.

महापालिकेची अभियंता विनिता आता थकली होती. सात सोमवार ती त्याच सपाट, कोरड्या जागी उभी राहिली होती. फोटोत मात्र आधी तिचे बूट दिसेनासे झाले, मग गुडघे, मग कंबर. गेल्या सोमवारी माती गळ्याशी आली होती.

"मोबाईलचा लोचा आहे," ठेकेदाराचा सुपरवायझर ग्लेन म्हणाला होता. त्यानंतर तीन मोबाईल बदलून झाले.

आजचा फोटो शेवटचा. तो गेला नाही तर निधी परत जाणार, उरलेला खड्डा तसाच राहणार आणि पावसाळ्यात त्यातलं विषारी पाणी शेजारच्या गास गावातल्या विहिरींत उतरणार.

"राहू द्या ना मॅडम," ग्लेन म्हणाला.

"तुझी विहीर कुठे आहे रे?"

"गासलाच."

"मग काढ."

ती उभी राहिली. पायाखालची माती टणक लागत होती.

ग्लेनने मोबाईल डोळ्यांसमोर धरला. "मॅडम, मान जरा वर करा."

विनिता केव्हाची आभाळाकडे बघत होती.