वृंदाचा व्यायाम

"पन्नाशीत हा थाट कुणासाठी? त्या ट्रेनरसाठी?" रत्नाकरनं शेवटी बायकोला विचारलंच.

वृंदा उकडलेली अंडी सोलत राहिली. पॅलिओ डाएट सुरू केल्यापासून पोळी-भात तिनं सोडला होता. रोज सकाळी जिममध्ये जाऊन ती आज पाठ, उद्या पाय असा नेमानं व्यायाम करायची, वजनं उचलायची. तिचे भरत चाललेले दंड पाहून चाकांच्या खुर्चीत बसलेला रत्नाकर आतल्या आत जळायचा.

त्याच दुपारी खुर्चीतून पलंगावर सरकताना तो फरशीवर पडला. अर्धांगवायू झाल्यापासून तो असा पडला, की शेजारचे दामले येऊन त्याला पोत्यासारखं उचलायचे. लाजेनं डोळे मिटून तो त्यांचीच वाट पाहू लागला.

वृंदानं त्यांना हाक मारलीच नाही. गुडघ्यांत वाकून तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून पलंगावर बसवलं.

"दामले उचलायचे ना, तेव्हा तुमच्या तोंडाकडे मला बघवायचं नाही," ती धापा टाकत म्हणाली.

रत्नाकरनं तिच्या खांद्यावरचा आपला हात बराच वेळ काढला नाही.