सपाटीवर ये

साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीत, यवतेश्वरच्या चढावर, तिसऱ्या वळणाला, मागून ओळखीची पावलं वाजली आणि लालासाहेबांनी मनातल्या मनात बायकोला शिवी हासडली. विजयमाला आली, शेजारून निघून गेली. जाताना तिनं डोक्यावरची टोपी सारखी केली, एवढंच. लागोपाठ तिसऱ्या वर्षी तिनं नवऱ्याला घाटात मागं टाकलं होतं.

लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. बटालियनमध्ये पळण्यात त्यांचं नाव होतं. बायकोला शुगर निघाली म्हणून त्यांनीच तिला पळायला बाहेर काढलं, बूट घेऊन दिले, श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. आणि आता इस्लामपुरात चहाच्या टपरीवर नानासो सगळ्यांदेखत विचारायचा, "हवालदार, वहिनी पोचल्या. तुमी कवा पोचणार?" लोक हसायचे. लालासाहेबही हसायचे, पण पोटात दुखायचं. टीव्हीशेजारी तिची ट्रॉफी दिसली तरी दुखायचं. एकदा तर पाहुणे यायच्या आधी त्यांनी ती ट्रॉफी गुपचूप कपाटात ठेवली.

"जावळीच्या डोंगरातली हाय ती," ते टपरीवर सांगायचे. "तिकडची शेरडंबी घाट पळत चढत्यात. त्यात काय एवढं?" ते लोकांनाही पटायचं.

एका संध्याकाळी तिच्यासमोरच बोलले, "घाट तुझ्या अंगवळणी पडलाय. हिंमत असंल तर सपाटीवर ये."

"मला घाटच बरा वाटतो," ती भाजी निवडत म्हणाली.

"भ्यालीस व्हय?"

ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली. लालासाहेबांना तेवढंच हवं होतं. सांगलीच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत त्यांनी दोघांची नावं घालून टाकली. तिथला रस्ता परातीसारखा सपाट. सपाटीवर आपणच पुढं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर सराव व्हायचा, तेव्हा विजयमाला त्यांच्या मागं वीसेक पावलांवर असायची. गावात नवरा पुढं आणि बायको मागं. बाजाराला जाताना तसं, पळतानाही तसंच. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. लालासाहेबांना तर नव्हतंच.

सांगलीत पुरुषांना आधी सोडलं आणि बायकांना पाच मिनिटांनी. लालासाहेब जीव तोडून पळाले. आज हिची फजिती व्हावी आणि ती चारचौघांत व्हावी, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. स्वतःच्या बायकोबद्दल असं मनात येतंय, याची त्यांना लाजही वाटली नाही.

पंधराव्या किलोमीटरला मागून पावलं वाजली. तीच. आता ही शेजारून जाणार, टोपी सारखी करत जाणार! पण पावलं जवळ आली आणि मंदावली. एक किलोमीटर झाला, दोन झाले, पावलं मागंच. 'दमली!' लालासाहेबांना उकळ्या फुटल्या. शेवटच्या कमानीखालून ते दोन्ही हात वर करून गेले. विजयमाला वीस पावलं मागून आली.

"बघितलंस? सपाटीवर कळतं, कोण किती पाण्यात हाय ते."

"व्हय," ती म्हणाली आणि तिनं पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. बुटाला बांधलेल्या चिपवरून प्रत्येकाची वेळ कळवली जात होती. फॉर्मवर लालासाहेबांनी दोघांसाठी स्वतःचाच नंबर घातला होता, त्यामुळे दोन्ही मेसेज त्यांच्याकडंच आले. लालासाहेब, दोन तास तीन मिनिटं. विजयमाला, एक तास अठ्ठावन्न मिनिटं.

चिप ज्याची त्याची वेळ मोजते, तो सुरुवातीची रेघ ओलांडतो तिथपासून. विजयमालाला हे ठाऊक नव्हतं. आपण मागून पोचलो म्हणजे झालं, असं ती धरून चालली होती.

लालासाहेबांनी मेसेज दोनदा वाचला. पाच मिनिटं मागून सुटून तिनं त्यांना गाठलं होतं, आणि वर सहा किलोमीटर त्यांच्या चालीनं पळत बसली होती.

"गाठलं व्हतंस, मग पुढं का न्हाई गेलीस?"

विजयमालानं इकडंतिकडं बघितलं. कमानीजवळ शर्यत बघायला आलेला नानासो आणि गावची चार माणसं फोटो काढत होती. तिनं आवाज खाली आणला.

"आवं, घाटात तुमी मागं पडला तर लोक चढाला नावं ठेवत्यात. हितं पडला असता, तर तुमाला ठेवली असती. मला मनासारखं पळायचं असलं, तर घाटच लागतो."